खुलासा : तो आयर्विन पुलाचा फोटो १९१६ चा नाही

सांगलीच्या आयर्विन पुलाचा एक कृष्णधवल फोटो ‘दुर्मीळ छायाचित्र, सांगली १९१६’ अशा ओळीसह व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. ते साल चुकीचं आहे. हा पूल १९२९ मध्ये खुला झाला. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते लॉर्ड आयर्विन व्हाइसरॉय म्हणून भारतात आले तेच १९२६ मध्ये. म्हणजे ज्या फोटोत पूर्ण झालेल्या कमानी दिसतात, तो १९२९ च्या आधीचा असूच शकत नाही. नुसता घाट किंवा गणपती मंदिर असतं तर १९१६ शक्य होतं, कारण मंदिर पुलापेक्षा कितीतरी जुनं आहे.

घरी असे फोटो असतील तर आधी मागची बाजू बघा. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती प्रत १९७२ नंतरची. शिक्क्यावर किंमत ‘नये पैसे’त असेल तर १९५७ ते ६४ च्या दरम्यानची. पण हे साल प्रतीचं, फोटो काढल्याचं नव्हे. जुन्या निगेटिव्हवरून नंतर प्रत काढलेली असते, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो.

निगेटिव्ह उलटी छापली तर नदीचा डावीकडचा काठ उजवीकडे जातो, म्हणून एखादी पाटी वाचून खात्री करा. स्कॅन ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), दोन्ही बाजूंचा करा. फोटोवर पेनने साल लिहू नका. मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा.