तीन पर्याय बरोबर, गुण मात्र एकालाच!

सरकारी नोकरभरतीच्या परीक्षेतला इंग्रजीचा प्रश्न: '____ इट वॉज रेनिंग, वुई स्टेड अ‍ॅट होम.' पर्याय: बिकॉज, सिन्स, अ‍ॅज, अनलेस. आता मला सांगा, पहिल्या तिघांतला चुकीचा कुठला? एकही नाही! तिन्ही चपखल बसतात. पण उत्तरतालिकेत फक्त 'सिन्स'. 'बिकॉज' लिहिलेल्या मुलीचा गुण गेलाच, वर निगेटिव्ह मार्किंगची कात्री लागली ती वेगळीच. अरे, कशाबद्दल?

गोव्यातल्या सत्तरी-डिचोली तालुक्यांतली मुलं माझ्याकडे संध्याकाळी शिकायला येतात. एलडीसीची, म्हणजे सरकारी कारकुनाची, एक जागा निघाली की कदंब बसच्या गर्दीत उभी राहून पणजी गाठतात. चौथीपर्यंत मराठीत शिकलेली आणि पाचवीला एकदम इंग्रजीत टाकलेली ही पोरं. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही. त्यामुळे कानाला काय बरं वाटतं यावर ती विसंबत नाहीत, नियम घोकतात. 'नो सूनर' आलं की पुढे 'दॅन', 'हार्डली' आलं की 'व्हेन', 'अनलेस'च्या पोटात 'नॉट' असतंच म्हणून दुसरा घालायचा नाही. सगळं तोंडपाठ. आणि जिथे इंग्रजीलाच दोन्ही रूपं मान्य आहेत, नेमकं तिथेच यांना अडवायचं!

'वॉक केअरफुली लेस्ट यू ____.' पर्यायांत 'फॉल' आहे आणि 'शुड फॉल'ही आहे. दोन्ही शुद्ध! नुसतं मूळ क्रियापद हे तर 'लेस्ट'चं जुनं, प्रतिष्ठित रूप. पण पेपर काढणाऱ्याने कुठल्या तरी गाइडात 'लेस्टनंतर शुड' एवढंच वाचलेलं, म्हणून 'फॉल' चूक. 'नन ऑफ द बॉइज' पुढे 'वॉज' चालतं तसं 'वेअर'ही चालतं, पण यांना एकच हवं. 'द टीम इज' की 'द टीम आर'? इंग्लंडचे समालोचक रोज 'इंग्लंड आर बॅटिंग' म्हणतात. त्यांनाही नापास करा मग!

संताप प्रश्न अवघड असण्याचा नाही. अवघड विचारा ना, खुशाल विचारा. 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स' पुढे 'वॉज' की 'वेअर', हा चांगला प्रश्न आहे. क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं, हे ज्याला कळलं त्याला गुण. विचार करायला लावणारा प्रश्न आणि पेपर काढणाऱ्याच्या मनातलं ओळखायला लावणारा प्रश्न, यांत काही फरक आहे की नाही?

हरकत घ्यायची तर प्रत्येक प्रश्नामागे पैसे भरा. दोन शब्दकोशांची पानं जोडून आम्ही तीही घेतली. उत्तर आलं एका ओळीचं: तज्ज्ञांच्या मते मूळ उत्तर कायम. कोण तज्ज्ञ? कुठल्या व्याकरणाच्या आधारावर? कुठला नियम? त्या मुलीची नोकरी जाते तिथे, तिला लेखी कारण द्या!