कानात खडा

पहाटे साडेपाचला मी उजव्या कुशीवर वळलो आणि कपाट माझ्यासमोरून निघून गेलं. पाठोपाठ खिडकी, कॅलेंडर, पुन्हा कपाट. "भूकंप!" गादी घट्ट धरून मी ओरडलो. बायको डोळे न उघडता म्हणाली, "पंखा बारीक करा आणि झोपा." मिनिटभरात सगळं सामान जागेवर आलं. डावीकडे वळलो, काही नाही. उजवीकडे वळलो, की जत्रेतला पाळणा सुरू.

सकाळी चहाबरोबर निदानं आली. आईच्या मते पित्त; रात्री वांग्याची भाजी मी दोनदा घेतली होती, याची ती साक्षीदार. मेहुण्याने फोनवरूनच माझे मानेचे मणके झिजवले आणि स्वतःचा जुना पट्टा पाठवून दिला. शेजारचे काका तर शुगर मोजायचं यंत्र घेऊनच आले. बायकोचं निदान कित्येक वर्षं एकच आहे: मोबाइल. आलेपाक चघळत, पट्टा बांधून, तीन रात्री आरामखुर्चीत काढल्या. दाढीला हनुवटी वर केली तरी बाथरूम फिरायचं, त्यामुळे दाढीही वाढली.

चौथ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाची. दोन-दोन दिसतं का, जीभ जड होते का, हातपाय लुळे पडतात का, डोकं एकदम भयंकर ठणकलं का, असं तिने आधी विचारलं. एकाला जरी 'हो' आलं असतं, तर तिने तिथूनच मोठ्या हॉस्पिटलात धाडलं असतं. मग माझी मान उजवीकडे वळवून मला धाडकन उताणं पाडलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. खोली गरगरली आणि माझे डोळे म्हणे लटालटा उडायला लागले. "वा काका, काय मस्त फिरतायत डोळे!" माझ्या डोळ्यांची इतकी तारीफ लग्नाआधीही कुणी केली नव्हती.

दोष ना वांग्याचा, ना मणक्याचा. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, म्हणजे खडूच. खाली कुठे आणि वर कुठे, हे सांगणं त्यांचं काम. वयानुसार किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात आणि शेजारच्या तीन अर्धगोल नळ्यांपैकी एकीत घरंगळतात, बहुधा मागच्या. मग कुशीवर वळलं, की कण सरकतात, नळीतला द्रव हलतो आणि मेंदूची समजूत होते की मालक भिंगरीवर बसलाय. मळमळीला गोळ्या आहेत, पण कण उचलून जागेवर ठेवणारी गोळी नाही. ते डोकं फिरवूनच परत न्यायचे. लहानपणी जत्रेत प्लास्टिकची डबी मिळायची, तिरकी करून छर्रे भोकात बसवायचे, अगदी तसं. ही युक्ती अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॉ. जॉन एप्ली यांची. त्यांचा गाजलेला निबंध 1992 सालचा, आणि सुरुवातीला त्यांच्याच व्यवसायबंधूंचा यावर विश्वास बसेना. माझाही बसला नसता.

उजवीकडे मान, उताणा, गरगर थांबेपर्यंत थांबा. मान तशीच डावीकडे. मग अख्खा देह डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. मग उठून बसा. पाच मिनिटांत छर्रा भोकात! "पुन्हा सुटू शकतो हं," ती म्हणाली. उजव्या कुशीवर झोपायचं नाही, असा मी कानाला खडा लावणार होतो. पण खडा आधीच आत होता.

खरी अडचण पुढे झाली. काय झालं होतं, असं कुणी विचारलं की मी सरळ सांगायचो, "खडा." चिपळूणच्या आत्याने ते ऐकलं आणि एसटीतून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाच किलो कुळीथ धाडले. "कढण पी, विरघळून पडेल." खडा कानात होता, हे मी फोनवर तीनदा ओरडून सांगितलं. "असू दे, पडेल तिथूनही," आत्या म्हणाली.

कुळथाचा तो डबा आईने स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय. परवा संध्याकाळी आतून हाक आली, "अहो, तेवढा डबा काढून देता का?" मी स्टुलावर चढलो, मान न उचलता, चाचपडत हात वर केला आणि साबुदाणा काढून दिला.