धीर आकड्यानं येतो का?

कट्ट्यावर पुन्हा २०२० ची टाळेबंदी निघाली. अण्णांचं म्हणणं, छोटा दुकानदार आधी मनानं खचला, धंदा नंतर बसला. मन्या सीएच्या ऑफिसात असतो, त्याला हे पटेना. त्याच्या मते हिशेबाचा आकडा माहीत असला की धीर येतो.

"मनाचं काय घेऊन बसलात? भाडं १५ हजार, दोन पोरांचा पगार २४, हप्ता २२, वीज-फोन ३. महिन्याला ६४ हजार. हाताशी ८० हजार असतील तर ३७ दिवस निघतात. हे ज्याला ठाऊक तो पहिल्याच आठवड्यात जागामालकाशी बोलतो, नवा माल थांबवतो."

"आणि दुकानात पडलेला माल?"

"तो धरायचाच नाही. गिऱ्हाइकांकडून यायची उधारीही निम्मीच धरा." (बहुतेकांचा घोळ इथेच होतो. शटर बंद असताना मालातून पगार निघत नाही.)

बापू म्हणाले, "मार्च ते ऑगस्ट कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची सवलत होती की. त्यानं धीर आलाच ना?"

"खोटा धीर! १० लाखांचं नवं कर्ज, १२ टक्के, पाच वर्षं, हप्ता २२,२४४. सहा महिने भरलं नाही की बाकी १०,६१,५२०. हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटायला ११ महिने उशीर. सरकारनं व्याजावरचं व्याज परत दिलं, ते यातले १,५२० रुपये फक्त."

"ज्याच्याकडे हप्त्याला पैसेच नव्हते, त्यानं काय करायचं होतं?"

"त्यानं घ्यावी. पैसे असूनही घेतली त्यांच्याबद्दल बोलतोय मी."

इथे सुमनताईंनी त्याला बरोबर पकडलं. "मे २०२० ची ती विनातारण कर्जाची योजना आठव. २९ फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या २० टक्के. म्हणजे ज्यानं कधी कर्जच काढलं नाही त्याला शून्य. फेरीवाल्याला निदान स्वनिधी योजनेतून १० हजारांचं कर्ज तरी मिळत होतं. त्या बिनकर्जी दुकानदाराचा हिशेब तर तुझ्याहून चोख. त्याला कुठला आकडा धीर देणार?"

मन्या गप्प. अण्णांना जोर चढला. "आणि जूनमधलं सम-विषम? आज रस्त्याची ही बाजू उघडी, उद्या ती. भाडं मात्र पूर्ण. शंभराला वीस सुटत असतील तर ६४ हजारांसाठी ३ लाख २० हजारांची विक्री हवी. २६ दिवसांत रोज १२,३००. तेरा दिवसांत? २४,६००! हा आकडा बघून माणूस शटर ओढून गावीच जाईल."

"म्हणून विक्रीचा आकडा बघायचाच नाही," मन्या म्हणाला. " दुकान कधी उघडायचं ते सरकार ठरवत होतं. ६४ चे ५० कसे होतील, तेवढं आपल्या हातात."

"म्हणजे पोरांचे पगार कापणार! निम्म्या पगारावर बसवलेला चांगला कारागीर पुन्हा येत नाही, बाबा."

"आधी भाडं," बापू म्हणाले. "आणि सूट मिळाली तर लेखी घ्या. किती महिने, किती रुपये, माफ की नंतर द्यायचे. जागामालक नुसतं 'बघू नंतर' म्हणाला असेल, तर जागा सोडताना तो ते डिपॉझिटमधून वळतं करणार."