कॉम्प्रेशन चांगलं आलं, तरी बोअर का मोजायचा?

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

स्पोर्ट्‌स कारचं इंजिन उघडल्यावर प्रत्येक सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना साठणारा दाब) सारखं आलं, भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे दगडाने घासून घेतल्याच्या, तिरक्या रेषा दिसतायत, वरच्या कडेला नख अडकत नाही, म्हणजे बोअर ठीक आहे. शतांश मिलिमीटरचा हा खटाटोप प्रयोगशाळेत ठीक, पण तो वाचून नवखा माणूस घाबरतो आणि विनाकारण बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून, घेतो. जुने जाणकार फीलर गेजवर (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांवर) भागवत, हेही तुम्ही लिहिलंत.

विनाकारण बोअरिंग होऊ नये, हे मलाही तुमच्याइतकंच वाटतं. काढलेला धातू परत भरता येत नाही. मोजायचं ते त्यासाठीच. न मोजता 'ठीक आहे' म्हणणं आणि न मोजता 'बोअर करून टाका' म्हणणं, दोन्हीमागे अंदाजच असतो.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये इंजिन स्टार्टरवर अगदी हळू फिरतं. पिस्टनवरच्या रिंगा मुळात स्प्रिंगसारख्या बाहेर दाबलेल्या असतात. त्या वेगाला त्या थोड्याफार बिघडलेल्या आकाराच्या भिंतीलाही चिकटून बसतात आणि आकडा छान येतो. चारही सिलिंडर सारखेच झिजले असतील तर चारही आकडे सारखेच येतील. त्या सारखेपणातून एवढंच कळतं की एखादा सिलिंडर इतरांपेक्षा वेगळा नाही. आणि पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग) भिंतीपासून किती सुटलाय, हे तर त्या टेस्टला दिसतच नाही, कारण दाब अडवायचं काम रिंगा करतात.

आता झीज कुठे होते ते बघा. पिस्टन वरच्या टोकाला पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो. वेग शून्य झाला की रिंग आणि भिंत यांच्यामधला तेलाचा थर टिकत नाही. नेमकं त्याच सुमाराला ज्वलनाचा सर्वाधिक दाब रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो, तापमानही तिथेच सगळ्यात जास्त. म्हणून सगळ्यात जास्त झीज पहिली रिंग जिथून मागे वळते तिथे, वरच्या कडेच्या जरा खाली. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टनला एका बाजूच्या भिंतीवर ढकलतो, त्यामुळे क्रँकशाफ्टला आडव्या दिशेत बोअर जास्त खातो. परिणामी बोअर वरून रुंद, खालून अरुंद, आणि वर गोल न राहता लंबगोल होतो. होनिंगच्या रेषा तुम्हाला मध्ये आणि खाली ठसठशीत दिसतात, कारण तिथे झीज कमीच असते. त्या खालच्या रेषांवरून वरच्या दोन बोटांच्या पट्ट्याबद्दल काही कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. टोयोटाच्या ४ए-जीई इंजिनाचा बोअर 81 मिमी, स्ट्रोक 77 मिमी, ब्लॉक बिडाचा. समजा तळाशी दोन्ही दिशांना 81.01 आलं. वर क्रँकशाफ्टला समांतर 81.04, आणि आडवं 81.09. म्हणजे टेपर (वरच्या आणि खालच्या व्यासातला फरक) 0.08 आणि लंबगोलपणा 0.05 मिमी. रिंगेची गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, व्यासातल्या फरकाच्या π पट बदलते. इथे सरासरी व्यास 0.055 ने वाढलाय, म्हणून गॅप तळापेक्षा वर सुमारे 0.17 मिमीने जास्त उघडेल. 7500 आरपीएमला क्रँक सेकंदाला 125 फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात रिंग एकदा एवढी उघडणार, एकदा मिटणार, आणि ते करताना लंबगोल भिंतीला सगळीकडून टेकलेली राहायचा प्रयत्न करणार. स्टार्टरवर जमणारं काम तिला या वेगाला जमत नाही. तेल वर जातं, गॅस खाली उतरतो, आणि नव्या रिंगा घातलेलं इंजिन थोड्याच दिवसांत धूर सोडायला लागतं. शांत चालणाऱ्या गाडीत अशी झीज पुष्कळ काळ खपून जाते. स्पोर्ट्‌स इंजिन मात्र वरच्या आरपीएमलाच राबवलं जातं.

हेच उदाहरण रिंग गॅपची पद्धत कुठे कमी पडते तेही दाखवतं. नुसती रिंग वर-खाली बसवून फीलरने गॅप मोजली असती, तर 0.055 झीज हाती आली असती. आडव्या दिशेतली 0.08 त्या सरासरीत दडून गेली असती. घाईच्या तपासणीला ही पद्धत चांगली आहे, मीही वापरतो. निर्णय मात्र तिच्यावर घेऊ नये.

आणि बोअरिंगचा प्रश्न? या सिलिंडरमधली 0.08 झीज सगळी एकाच भिंतीत असू शकते. मूळ मध्यबिंदू न हलवता 0.25 मिमी ओव्हरसाइजला (मूळ मापापेक्षा तेवढ्या मोठ्या व्यासाला) नेलं, तर प्रत्येक बाजूने 0.125 मिमी धातू निघतो. खोल भिंतही त्यात साफ होते. याच आकड्यांच्या जोरावर तुम्ही ठामपणे सांगू शकता की 0.50 किंवा 1.00 ला जायची गरज नाही. न मोजलेल्या ब्लॉकला खबरदारी म्हणून मोठा ओव्हरसाइज केला जातो, आणि पुढच्या रिबिल्डसाठी राखलेला धातू आजच संपतो. आधी नवे पिस्टन हातात घ्या, प्रत्येक पिस्टन मोजा, आणि मगच त्याच्या मापाने बोअर करा.

पिस्टनबद्दल तुम्ही लिहिलंत की तो नवा टाकायचाच असतो, मग जुना कशाला मोजायचा. क्लिअरन्स (बोअर आणि पिस्टन यांच्यातली मोकळीक) वाढलाय तो बोअरमुळे की पिस्टनमुळे, हे दुसऱ्या कशाने कळणार? जोरात चालवलेल्या इंजिनात कधी बोअर जवळजवळ शाबूत असतो आणि स्कर्टच आत दबलेला असतो. पिस्टन मुद्दाम लंबगोल आणि पिंपासारखा घडवलेला असतो, त्यामुळे तो कुठेही मोजून चालत नाही. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या काटकोनात, बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवरच मोजायचा. फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) पिस्टनमध्ये 2618 या ॲल्युमिनियम मिश्रधातूत सिलिकॉन फार कमी असतं, तो तापल्यावर जास्त फुगतो. 4032 मध्ये साधारण 12 टक्के सिलिकॉन असतं, तो कमी फुगतो. म्हणून एकाचा क्लिअरन्स दुसऱ्याला लावू नका. पिस्टनवरची पहिल्या रिंगेची खाच नवी रिंग घालून फीलरने तपासा. खाच रुंदावली असेल तर बोअर कितीही सुरेख असो, उपयोग नाही.

डिजिटल कॅलिपर पुरे, हे तुमचं म्हणणं मात्र मला अजिबात मान्य नाही. त्याचे जबडे गोल भिंतीत नीट बसत नाहीत, आणि पोचतात ते तोंडाजवळ, जिथे रिंग जातच नाही आणि झीजही नसते. डायल बोअर गेज घ्या, तो मायक्रोमीटरवर सेट करा, आणि पिस्टन त्याच मायक्रोमीटरने मोजा. क्लिअरन्स ही वजाबाकी आहे. मायक्रोमीटरचा शून्य थोडा सरकलेला असला तरी चूक दोन्हीकडे सारखी पडते आणि वजाबाकीत निघून जाते. स्वस्त मायक्रोमीटरसुद्धा असा वापरला तर भरवशाचा ठरतो, हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात उपयोगी तंत्र आहे. बोअरमध्ये गेज हलकेच झुलवून सगळ्यात लहान आकडा वाचायचा. ब्लॉक, पिस्टन आणि अवजारं रात्रभर एकाच खोलीत ठेवा. 10 अंश फरकाने 81 मिमीचा ॲल्युमिनियम पिस्टन जवळपास 0.02 मिमी बदलतो आणि बिडाचा बोअर त्याच्या निम्माच.

जुन्या जाणकारांचा मला आदर आहे. ते पिस्टनच्या बाजूने फीलरची लांब पट्टी घालून स्प्रिंग काट्याने ओढत आणि लागलेल्या जोरावरून क्लिअरन्स ठरवत. पद्धत खरी आहे. पण ती पिस्टन आणि बोअर यांचा एकत्रित हिशेब एका जागी देते, आणि ती बिडाच्या सिलिंडरच्या काळातली. पोर्शे 944 चा ब्लॉक अल्युसिलचा (भरपूर सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा), त्यात बिडाची स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, नाही. पृष्ठभागावर उघडे पडलेले सिलिकॉनचे कण भार पेलतात. तिथे तुम्ही सुचवलेला 'हलका होन' फिरवला तर ते कण फुटतात. निकासिलच्या (निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडच्या कठीण लेपाच्या) सिलिंडरला कड पडण्याइतकी झीज सहसा होतच नाही, तिथे पिस्टन आणि रिंगाच आधी झिजतात. त्या दोन्ही जागी नखाला काही सापडणार नाही.

तुमचं इंजिन अजून उघडंच असेल, तर प्रत्येक सिलिंडरचे सहा आकडे, पिस्टनचं स्कर्टचं माप आणि ब्लॉक कशाचा आहे ते इथेच लिहा. मेन कॅप (क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या टोप्या) ठरलेल्या टॉर्कने आवळून मोजलं होतं का, तेही सांगा. नुसत्या होनिंगवर भागेल असं त्यावरून दिसलं, तर बोअर करू नका असंच मी लिहीन.