ईथनला घरात जागा नाही

2023 च्या डिसेंबरात 'अ‍ॅनिमल' हा हिंदी चित्रपट आला आणि त्यावर राज्यसभेतही बोललं गेलं. पुण्याच्या माझ्या मित्रांमध्ये तेव्हा पडलेले दोन तट अजून तसेच आहेत. एकांना असा हिंसक नायक पडद्यावर नकोच. दुसरे म्हणतात, अमेरिकेत असले नायक कधीपासून चालतात, सोवळं काय ते आपल्याकडेच. मी टेक्सासात राहतो, आणि हा अमेरिकेचा दाखला मला अर्धवट वाटतो.

दिग्दर्शक जॉन फोर्डचा 1956 चा वेस्टर्न चित्रपट घ्या, 'द सर्चर्स'. जॉन वेनचा ईथन एडवर्ड्स म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेतला सैनिक. कोमांची या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी पळवलेल्या पुतणीला तो वर्षानुवर्षं शोधतो, आणि ती त्यांच्यातलीच झाली म्हटल्यावर तिचा जीव घ्यायला निघतो. मेलेल्या कोमांचीच्या डोळ्यांत गोळ्या घालतो, कारण त्यांच्या श्रद्धेप्रमाणे डोळ्यांविना आत्मा भटकत राहतो. शेवटी तो मुलीला मारत नाही, उचलून माणसांत आणतो. सगळे आत जातात, ईथन बाहेरच राहतो आणि दार लागतं. वेनसारख्या लाडक्या नटालाही फोर्डने उंबरा ओलांडू दिला नाही. 'अ‍ॅनिमल'मध्येही बायको नायकाला सोडून जाते, पण कॅमेरा त्याच्या रुबाबातून बाहेर येत नाही, आणि शेवटी पुढच्या भागाची चाहूल देतो. मला हा फरक फार मोठा वाटतो.

तरी फोर्डलाही मी पूर्ण माफ करत नाही. या कथेशी जिचं नाव जोडतात ती सिंथिया अ‍ॅन पार्कर टेक्सासचीच. 1836 मध्ये, नऊ-दहा वर्षांची असताना कोमांचींनी तिला नेलं. तिथेच तिचा संसार झाला, मुलं झाली. 1860 मध्ये टेक्सास रेंजर्स या सशस्त्र दलाने तिला 'सोडवलं', तेव्हा ती परत जाण्यासाठी धडपडत राहिली. तिचा मुलगा क्वाना पार्कर कोमांचींचा मोठा पुढारी झाला. डॅलसहून अमारिलोला जाताना त्याच्या नावाचं गाव लागतं. पडद्यावर मात्र मुलीचं परतणं म्हणजे सुटकाच. कोमांची सरदार स्कार आपली दोन मुलं गोऱ्यांनी मारल्याचं सांगतो, पण त्या दुःखापाशी चित्रपट थांबत नाही. शिवाय ती भूमिका जर्मनीत जन्मलेल्या गोऱ्या नटाने केलेली.

मला बंदी नको आहे. पण अमेरिकेचं नाव घेऊन हिंसक नायकाचं समर्थन करणाऱ्या मित्रांनी ते लागलेलं दारही सांगावं, आणि सिंथियाचं नावही घ्यावं.