तळं उपसू नका, गाळणी हातात घ्या

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की बागेतल्या तळ्यावरच्या माझ्या लेखातला ‘मासे सोडू नका’ हा सल्ला ऐकून बागेत तळं केलं, पंधरा दिवसांत पाणी हिरवं आणि डासांच्या अळ्याच अळ्या. तीनदा उपसलं तरी तेच, म्हणजे तो लेख डास पाळायची शिकवणी आहे.

टोमणा अर्धा मान्य. पहिल्या महिन्यात काय करायचं, हे लेखात यायला हवं होतं. पण घोडं अडलंय ते उपसण्यापाशी. उबदार पाण्यात डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. त्याला खाणारी चतुराची अळी वाढायला कित्येक आठवडे घेते, काही जातींत वर्षाहून जास्त. प्रत्येक उपशात ती गाळाबरोबर बाहेर जाते आणि डास पुन्हा पहिला हजर. वर नळाच्या ताज्या पाण्यात बरेचदा नायट्रेट-फॉस्फेट असतं, म्हणजे शेवाळाला नवा खुराक.

आता पाण्यावर हाताची सावली धरा. शेपटाची नळी पृष्ठभागाला लावून डोकं खाली लटकलेल्या अळ्या वळवळत बुडी मारतील, त्या डासांच्या. (अ‍ॅनाफिलीस या मलेरियाच्या डासाची तेवढी पाण्याला समांतर, आडवी असते.) तळाच्या गाळात लाल दोरे हलताना दिसले तर ते डास नव्हेत. हिमोग्लोबिनमुळे लाल दिसणाऱ्या, न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या त्या. चतुराचं जेवण आहे, राहू द्या.

डासांच्या अळ्या बारीक गाळणीने दर दोन-तीन दिवसांनी काढा. आवरेनात तर बीटीआय हे जिवाणूजन्य अळीनाशक पाकिटावरच्या मापानेच टाका. चतुर आणि बेडकाच्या पिल्लांना ते बाधत नाही. रॉकेल-तेल मात्र अजिबात नको. तवंगाखाली पाठीवर पोहणारे किडेही गुदमरतात, आणि तेच तर अळ्या फस्त करतात.

गप्पी मासे डासअळ्या खातात, खरंय. पण बेडकाची नुकती फुटलेली पिल्लं आणि चतुराच्या कोवळ्या अळ्याही सोडत नाहीत. माशांचं तळं वाईट नव्हे, ते वेगळं तळं. फक्त नको झालेले मासे ओढ्यात सोडू नका.

हिरव्या पाण्याला औषध नको, सावली हवी. निम्मा पृष्ठभाग पाणवनस्पतींनी झाकू द्या, पडलेली पानं कुजण्याआधी काढा. काही वनस्पती उभ्या देठाच्या लावा, चतुराची अळी कात टाकायला देठावरच चढते. कडा सरळसोट असतील तर एका बाजूला दगडांची उतरण करा, नाहीतर आत पडलेला सरडा बुडतो.

आणि तळ्याभोवतीच्या कुंड्यांच्या ताटल्या, बादल्या आजच उलट्या करा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेवढं पाणी पुरतं, आणि तिथे त्याला खाणारं कुणीच नसतं.