खुलासा : अंटार्क्टिकातला ‘न मावळणारा सूर्य’ स्टुडिओतला नाही

‘अंटार्क्टिकात चोवीस तास सूर्य मावळत नसल्याचा तो व्हिडिओ स्टुडिओत केलेला आहे आणि तो दाखवणारा माणूस विकला गेला,’ असा दावा पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्यांमध्ये फिरतो आहे. तो खोटा आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे पाद्री विल डफी यांनी गोल पृथ्वी मानणारे आणि न मानणारे, दोघांनाही अंटार्क्टिकातल्या युनियन ग्लेशियरला नेलं. सपाट पृथ्वीच्या प्रचलित नकाशात उत्तर ध्रुव मध्यभागी आणि अंटार्क्टिका कडेची बर्फाची भिंत. त्या नकाशात दक्षिणेला चोवीस तास सूर्य दिसणं शक्यच नाही. तो दिसला. वर्षानुवर्षं सपाट पृथ्वीचा प्रचार करणारे जेरन कॅम्पनेला यांनी आपलं चुकल्याचं कॅमेऱ्यासमोर मान्य केलं.

मग त्यांच्याच लोकांनी त्यांना ‘पेरलेला माणूस’ ठरवलं. सोबतच्या ऑस्टिन व्हिटसिट यांनी तर सपाट पृथ्वी सोडलीही नाही, फक्त सूर्य मावळला नाही एवढंच कबूल केलं. तरी संशयातून तेही सुटले नाहीत. मला हे फार क्रूर वाटतं. डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, एवढाच यांचा गुन्हा!

‘तिथे कुणाला जाऊच देत नाहीत’ हेही खरं नाही. भारताची मैत्री आणि भारती ही केंद्रं तिथे आहेत. त्यांचं काम गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतं. अंटार्क्टिकात उन्हाळा काढून आलेले आपले संशोधक आणि तंत्रज्ञ हाच न मावळणारा सूर्य दरवर्षी पाहतात.